पायात सळई आहे, पण कुठली?

पायात सळई असली की एमआरआय होत नाही, हे नगर जिल्ह्यात कुणालाही विचारा, तो सांगेल. पारावरचा म्हातारा सांगतो, पेशंटला घेऊन आलेला जीपवाला सांगतो आणि कधीकधी तपासणी केंद्राच्या खिडकीत बसलेला पोरगाही तेच सांगून मोकळा होतो. मग कुणी कंबरदुखीवर वर्षानुवर्षे गोळ्या खात राहतो, कुणाला आधी रॉड काढून ये म्हणतात. एका तपासणीसाठी दुसरे ऑपरेशन. अडाणीपणातून आलेली समजूत म्हणून ती झटकून टाकता येत नाही, कारण तिच्यात थोडे खरे आहे. अडचण अशी की तिच्यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. चुंबकात गेल्यावर त्या धातूने माणसाला इजा होईल का, हा पहिला. त्या धातूमुळे चित्र बिघडेल का, हा दुसरा. पहिला जिवाचा, दुसरा उपयोगाचा. दोन्हींची उत्तरे बहुतेक वेळा मिळू शकतात, पण त्यासाठी आधी एक साधी गोष्ट कळावी लागते: आत कुठला धातू आहे, कुणी बनवला, कधी बसवला. आपल्याकडे यंत्रे आली, सर्जन आले, सरकारी योजनेतून पैसेही आले. ही एवढी माहिती मात्र ऑपरेशन थिएटर आणि घर यांच्या मधल्या रस्त्यात हरवते. माझी तक्रार त्या हरवण्याबद्दल आहे.

जिल्हा केवढा, ते आधी ध्यानात घ्यावे. क्षेत्रफळ सतरा हजार चौरस किलोमीटरच्या वर, महाराष्ट्रात सगळ्यांत मोठा; चौदा तालुके; २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या पंचेचाळीस लाखांच्या पुढे. नगर-मनमाड रस्ता आहे, संगमनेरवरून जाणारा पुणे-नाशिक महामार्ग आहे, आणि कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की रात्रीच्या अंधारात मागे दिवा नसलेल्या उसाच्या जोड ट्रॉल्या आहेत. मांडीचे हाड मोडलेला मोटरसायकलवाला ही इथल्या हाडांच्या दवाखान्यांची रोजची ओळख. लोणीचे प्रवरा रुग्णालय, विळद घाटातले विखे पाटील मेडिकल कॉलेज, नगर शहरातले आणि शिर्डीतले दवाखाने, शिवाय तालुक्याच्या गावांतली खासगी हॉस्पिटले, सगळीकडे रॉड, प्लेटा, स्क्रू आणि तारा बसतात. घसरून पडलेल्या आजीचा खुबा बदलला जातो, गुडघ्याच्या वाट्या बदलल्या जातात, हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसते. २०१२ साली सुरू झालेल्या आणि पुढे महात्मा फुले यांचे नाव मिळालेल्या जनआरोग्य योजनेने हे सारे गरिबाच्याही आवाक्यात आणले. त्याबद्दल तक्रार नाही. उलट म्हणूनच हा विषय आता शहरातल्या चार श्रीमंतांचा उरलेला नाही.

आता धोक्याचे. भीतीला आधार आहेच. २७ जानेवारी २०१८ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात नातेवाइकाच्या तपासणीसाठी आलेला बत्तीस वर्षांचा तरुण ऑक्सिजनचा सिलिंडर हातात घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला. चुंबकाने सिलिंडरसकट त्याला ओढले आणि त्याचा जीव गेला. यंत्र बंद असल्याचे त्याला सांगितले गेले होते, असे घरच्यांचे म्हणणे होते. त्याआधी २०१४ मध्ये खारघरच्या टाटा स्मारकाच्या केंद्रात दोन कर्मचारी असेच सिलिंडर आणि यंत्र यांच्यात कित्येक तास अडकून पडले होते. २००१ मध्ये न्यूयॉर्कजवळ सहा वर्षांचा मुलगा अशाच सिलिंडरने गेला. या यंत्रातले चुंबक द्रव हेलियमने थंड ठेवलेल्या तारांचे असते. ते दिवसरात्र चालूच असते; तपासणी संपली, दिवे मालवले, तरी खोलीतली ओढ जात नाही. हे दारावरच्या मामांना, आयांना, सफाई करणाऱ्या बाईंना आणि स्ट्रेचर ढकलत आलेल्या मेव्हण्याला माहीत असायला हवे. मंगळसूत्र, जोडवी, करदोडा बाहेर काढून ठेवायला लावतात, त्यावर बायका कुरकुरतात. त्यांनी कुरकुरावे, पण काढून ठेवावे.

मात्र सिलिंडरचे लोखंड वेगळे आणि मांडीतली सळई वेगळी. हाडात घालायचे स्टील ३१६ एल नावाचे असते. त्यात क्रोमियम साधारण सोळा ते अठरा टक्के, निकेल दहा ते चौदा टक्के आणि थोडे मॉलिब्डेनम. निकेलमुळे या पोलादाची आतली रचना अशी होते की चुंबक त्याला धरत नाही. भांड्यांच्या दुकानात ताटाला चुंबक लावून पाहणारे गिऱ्हाईक नेमकी हीच परीक्षा घेत असते. स्वयंपाकघरातले चांगले स्टील याच घराण्यातले. (घरी मांडीवर चुंबक लावून पाहण्याच्या भानगडीत कुणी पडू नये. त्यातून काहीच कळत नाही.) टायटॅनियम तर आणखी निरुपद्रवी. शिवाय हाडात घट्ट बसलेली, स्क्रूने आवळलेली वस्तू सहजी हलत नसते. तेव्हा मांडीत किंवा नडगीत रॉड आहे एवढ्यावरून माणसाला परत पाठवणे बहुतेक वेळा चुकीचे ठरते.

खरी भीती वेगळ्या जागी आहे. मेंदूतल्या रक्तवाहिनीला लावलेली जुन्या काळची क्लिप, काही पेसमेकर, कानातले यंत्र, हाडाच्या बाहेरून बसवलेला लांब सळयांचा सांगाडा. रेडिओलहरींनी लांब तारा आणि धातूची वेटोळी तापू शकतात, म्हणून भाजण्याची शक्यताही विचारात घ्यावी लागते. आणि एक प्रश्न नगर आणि सुपा एमआयडीसीतल्या प्रत्येक लेथवाल्याला, ग्राइंडरवाल्याला, वेल्डरला विचारलाच पाहिजे: डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का? मांडीतल्या हातभर रॉडपेक्षा बुबुळाच्या मागे बसलेला तो कण कितीतरी घातक, कारण तो खरोखर लोखंडाचा असतो आणि नाजूक जागी असतो. रॉडचे नाव काढताच घाबरणारी खिडकी हा प्रश्न विचारायला मात्र पुष्कळदा विसरते.

२००५ पासून शरीरात बसवायच्या वस्तूंवर तीन खुणा छापण्याची जागतिक पद्धत आहे. हिरवा चौकोन म्हणजे कुठल्याही चुंबकात चालेल, लाल वर्तुळ म्हणजे आत नेऊच नका, आणि पिवळा त्रिकोण म्हणजे ठरावीक अटींवर चालेल. शरीरात बसणारी धातूची जवळपास प्रत्येक वस्तू पिवळ्या त्रिकोणात मोडते. अटी म्हणजे किती टेस्लाचे चुंबक, रेडिओलहरींची किती शक्ती, किती मिनिटे. ‘होत नाही’ आणि ‘होतो’ यांच्यामधली ही जागा आहे आणि आपले बहुसंख्य लोक याच जागेत उभे आहेत. पण अटी वाचायच्या तर वस्तूचे नाव ठाऊक असावे लागते.

दुसरा प्रश्न चित्राचा. तो मला जास्त आवडतो, कारण त्यात यंत्राची सगळी युक्ती उघडी पडते. एमआरआय फोटो काढत नाही. आपल्या शरीरातल्या पाण्यात आणि चरबीत हायड्रोजन आहे. मोठ्या चुंबकात त्याचे केंद्रक एका ठरावीक वारंवारतेला साद देते. दीड टेस्लाच्या यंत्रात ती सुमारे चौसष्ट मेगाहर्ट्झ असते, तीन टेस्लाच्या यंत्रात त्याच्या दुप्पट. सगळीकडे चुंबक अगदी सारखे असते तर सगळे अणू एकाच स्वरात बोलले असते आणि कोण कुठे आहे ते कळले नसते. म्हणून यंत्र मुद्दाम चुंबकाला चढ देते: एका टोकाला थोडे कमी, दुसऱ्या टोकाला थोडे जास्त. मग स्वरावरून जागा ठरवता येते. पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये ही कल्पना मांडली, पीटर मॅन्सफिल्ड यांनी ती वेगवान आणि व्यवहारी केली, आणि २००३ मध्ये दोघांना नोबेल मिळाले.

धातू इथेच घोळ घालतो. तो आपल्या भोवतीचे चुंबकक्षेत्र वाकवतो. मग रॉडशेजारचा अणू भलत्याच स्वरात बोलतो, यंत्र त्या स्वरावर विश्वास ठेवते आणि त्याला भलत्याच जागी नेऊन बसवते. काही ठिकाणचे अणू असे उठून गेले की तिथे काळे भोक पडते. जिथे सगळे येऊन कोंबले जातात तिथे पांढरा झगझगीत पट्टा उमटतो. काही अणूंचे स्वर एकमेकांत इतके विसंगत होतात की बेरीज शून्य होते. चरबी पुसून टाकण्याची नेहमीची रीतही स्वरावरच चालते, म्हणून तीही फसते. काळ्या भोकाकडे बोट दाखवून ‘इथे धातू आहे’ म्हणणे अर्धवट आहे. धातू त्या भोकापेक्षा लहान असतो. उरलेल्या काळोखात जिवंत मांस आहे, फक्त त्याचा पत्ता चुकला आहे.

किती चुकेल, ते धातूवर ठरते. चुंबकाला प्रतिसाद देण्याचा गुण दशलक्षांशात मोजला तर पाणी उणे नऊच्या आसपास, टायटॅनियम एकशेऐंशीच्या आसपास, कोबाल्ट-क्रोम नऊशेच्या घरात, आणि न चिकटणारे स्टीलसुद्धा तीन हजारांपासून सहा हजारांच्या पुढे. म्हणजे चुंबकाला न चिकटणारे, धोका नसलेले स्टील चित्राच्या बाबतीत टायटॅनियमपेक्षा वीस-तीस पट त्रासदायक असते. आणि हा सगळा गोंधळ स्थानिक आहे. मांडीतल्या रॉडने डोक्याचे चित्र बिघडत नाही. मनगटातल्या प्लेटने कमरेचे मणके झाकले जात नाहीत. कंबरदुखीसाठी आलेल्या, नडगीत रॉड असलेल्या माणसाला ‘चित्र नीट येणार नाही’ म्हणून परत पाठवणाऱ्याला शास्त्राचा कसलाच आधार नाही.

पारनेर तालुक्याला लागूनच, जुन्नर तालुक्यात, खोडदला प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या ध्यासातून उभ्या राहिलेल्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. तीही फोटो काढत नाही. तीही रेडिओलहरी गोळा करते आणि फूरिए या फ्रेंच गणितज्ञाच्या रीतीने त्यांतून चित्र उलगडते. तिची सगळ्यांत खालची वारंवारता आणि तीन टेस्लाच्या एमआरआयची वारंवारता एकमेकींपासून फार दूर नाहीत. आणि तिच्याही वाटेत एक खोडसाळ थर आहे. वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात लहरी वळतात आणि आकाशातला स्रोत आपल्या जागेवरून सरकलेला दिसतो. म्हणून खगोलशास्त्रज्ञ दुर्बीण बंद करून घरी जात नाहीत. ते ओळखीच्या स्रोताकडे पाहून किती वळले ते मोजतात आणि हिशेबातून वजा करतात. विकृतीचे कारण कळले की विकृतीचाच उपयोग होतो. हा विचार त्या डोंगरापलीकडून इकडे यायला हरकत नव्हती.

दवाखान्यातही तो आलाच आहे, फक्त सगळीकडे पोचला नाही. पहिले उपाय तर फुकटचे आहेत. स्वर ऐकण्याचा पट्टा रुंद ठेवला की चुकलेला पत्ता थोडाच चुकतो. चुकलेल्या स्वरांना परत जुळवून घेणारी स्पिन-इको पद्धत वापरायची, ग्रेडियंट-इको टाळायची. चरबी पुसायला स्टिर नावाची पद्धत घ्यायची, कारण ती स्वरावर अवलंबून नसते. काप पातळ घ्यायचे. आणि दीड टेस्लाचे यंत्र हाताशी असेल तर तीन टेस्लाच्या मागे लागायचे नाही. चुंबक जितके मोठे तितका धातूचा घोळ मोठा. जाहिरातीत टेस्लाचा आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला असतो आणि नातेवाईक जास्त पैसे मोजून तिकडे धावतात, तेव्हा हे कुणीतरी त्यांना सांगायला हवे. यातल्या कशालाही नवीन यंत्र लागत नाही. लागतो तो दहा मिनिटे जास्त देणारा तंत्रज्ञ आणि त्याला तशी सूचना लिहून देणारा रेडिओलॉजिस्ट. दिवसाला अमुक तपासण्या उरकायच्या असतील तर ही दहा मिनिटे पहिली कापली जातात.

त्यापुढचे उपाय विकतचे. २००९ मध्ये सेमॅक आणि मॅव्हरिक या दोन पद्धती प्रसिद्ध झाल्या. पहिली पद्धत प्रत्येक कापातला अणू खरे तर कुठल्या कापातला आहे, ते वेगळे मोजून घेते. दुसरी पद्धत एकाच वेळी सगळे स्वर ऐकण्याचा अट्टहास सोडते. निरनिराळ्या स्वरांवर निरनिराळी चित्रे घेते आणि शेवटी एकत्र करते. पुढे दोन्हींचे संकरही झाले. वेळ जास्त लागतो, कंपन्या त्याचे वेगळे पैसे घेतात, आणि स्टीलच्या जाड वस्तूशेजारी त्यांचेही हात टेकतात. पण खुब्याच्या सांध्याभोवती जिथे पूर्वी काळोख होता तिथे आता स्नायू आणि हाडाची कड दिसते.

हे सगळे कशासाठी पाहायचे, असे विचारणारे सर्जन आहेत. त्यांचे म्हणणे असे की धातू बसलेल्या जागी एक्स-रे पुरतो. पुष्कळदा पुरतोही. पण मणक्याचा क्षय घ्या, आपल्याकडे तो नवलाचा नाही. खचलेला मणका स्क्रूंनी सावरला, औषधे चालू झाली. आता आत पू सुकतोय की मज्जारज्जूवर दाब येतोय, हे एक्स-रेवर दिसत नाही. मणक्यात टायटॅनियम बसवले असेल तर एमआरआय ते दाखवू शकतो. म्हणून माझे मत असे: नडगीच्या साध्या फ्रॅक्चरला टायटॅनियमचा हट्ट धरू नये. स्टील स्वस्त आहे, मजबूत आहे, आणि टायटॅनियमचे लॉकिंग स्क्रू पुढे काढायची वेळ आली तर कधीकधी प्लेटमध्ये असे जाम होतात की सर्जनला घाम फुटतो. पण मणक्यात आणि जिथे पुढे पुन्हा पाहावे लागणार हे आधीच दिसते तिथे धातू कुठला, हा प्रश्न ऑपरेशनपूर्वी बोलला गेला पाहिजे. योजनेच्या पॅकेजमध्ये बसते का, हा प्रश्न त्यानंतरचा.

एक्स-रे पुरतो म्हणणाऱ्यांना दुसरे उत्तर एका खुब्याच्या प्रकरणातून मिळते. डीप्यू कंपनीचा एएसआर नावाचा खुबा, ज्यात धातूवर धातू घासत असे, ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून मागे घेतला गेला. घासण्यातून कोबाल्ट आणि क्रोमियम आसपासच्या मांसात उतरत होते; काहींच्या खुब्याभोवती गाठी होत होत्या. एक्स-रेवर सांधा जागच्या जागी, छान. ब्रिटनच्या नियामकांनी अशा रुग्णांसाठी रक्तातले कोबाल्ट-क्रोमियम मोजायला आणि धातूचा घोळ कमी केलेला एमआरआय किंवा सोनोग्राफी करायला सांगितले. भारतात असे सुमारे ४,७०० खुबे बसले होते. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने गुन्हा नोंदवला, पुढे केंद्राने समिती नेमली, भरपाईचे सूत्र ठरले. आणि त्या समितीच्या अहवालातून जी गोष्ट बाहेर आली ती कंपनीच्या अपराधाइतकीच मला लागली: सुमारे ३,६०० रुग्णांचा पत्ताच लागत नव्हता. चित्र काढायची पद्धत आहे, भरपाईचे पैसे ठरले आहेत, आणि माणसे सापडत नाहीत.

स्वीडनमध्ये बदललेल्या गुडघ्यांची नोंद १९७५ पासून आणि खुब्यांची १९७९ पासून ठेवली जाते. ऑस्ट्रेलियाच्या नोंदवहीतूनच एएसआर इतरांपेक्षा लवकर बिघडतो हे आकड्यांत दिसू लागले आणि तिथे तो २००९ च्या अखेरीस बाजारातून गेला. आपल्याकडे सर्जनांच्या संघटनेची नोंदवही आहे, पण तिच्यात लिहायचे की नाही हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर.

आणि माहिती नसते असेही नाही. प्रत्येक चांगल्या रॉडच्या, खुब्याच्या पुडक्यात छोटी चिकटपट्टी असते: कंपनी, माप, बॅच क्रमांक. थिएटरमध्ये ती सोलून केसपेपरवर लावतात, बिलाला लावतात, योजनेकडे पाठवायच्या कागदांना लावतात. पैसे मिळवण्यासाठी ती सगळीकडे पोचते. रुग्णाच्या हातातल्या डिस्चार्ज कार्डावर मात्र पुष्कळदा नुसते लिहिलेले असते: ‘रॉड टाकला.’ बांधावरच्या आंब्याची आणि सामाईक विहिरीतल्या चार आण्यांच्या हिश्श्याची सातबाऱ्यावर नोंद मागणारा आमचा शेतकरी आपल्या मांडीतल्या धातूच्या बाबतीत असा बिनकागदाचा फिरतो.

डॉक्टर म्हणतात, कागद दिला तरी लोक हरवतात. खेड्यातल्या माणसाला कशाला सांगायचे टायटॅनियम आणि टेस्ला? हे या जिल्ह्यात तरी कुणी म्हणू नये. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केले तेव्हा त्यांनी गावोगावच्या बायकांना, ज्यांतल्या कितीतरी जणींना लिहिता-वाचता येत नव्हते, आरोग्याचे काम शिकवले. कुठल्या घरात कोण बाळंत होणार, कुणाला कुष्ठरोगाचा चट्टा आला आहे, कोणाच्या पोराचे वजन वाढत नाही, हे त्या बायकांना ठाऊक असे. जग ते पाहायला जामखेडला आले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या बायकांना गावातल्या कुणाच्या पायात काय आहे हे लक्षात ठेवणे जड गेले नसते. माहिती पेलण्याची ताकद खेड्यात नाही असे म्हणताना बहुधा ती द्यायला आपल्याला वेळ नाही, असे म्हणायचे असते.

पुढच्या रुग्णांसाठी काम सोपे आहे. तीच चिकटपट्टी आणखी एक, प्लास्टिकमध्ये घातलेल्या कार्डावर, खाली मराठीत चार ओळी: काय बसवले, कुठल्या बाजूला, कुठला धातू, एमआरआय कुठल्या अटीवर. योजनेच्या बिलाला जी पट्टी सक्तीची, ती रुग्णाच्या कार्डालाही सक्तीची केली की झाले.

मागच्यांचे अवघड आहे. राहुरीच्या, पाथर्डीच्या, अकोल्याच्या ज्या माणसाच्या मांडीत वीस वर्षांपूर्वीचा रॉड आहे, ज्याचा दवाखाना बंद पडला आणि सर्जन वारला, त्याला कार्ड कोण देणार? त्याच्यासाठी एक्स-रे काढावा लागेल आणि जुन्या हाडाच्या डॉक्टरांकडे न्यावा लागेल; त्यांना आकारावरून, स्क्रूच्या डोक्यावरून, त्या काळी कुठला माल येत होता त्यावरून बरेच ओळखता येते. स्टील धरून चालायचे, कारण तेच बहुतेक निघते. मग डोक्याचा, मानेचा किंवा कमरेचा एमआरआय हवा असेल तर रेडिओलॉजिस्टने खिडकीवर न सोपवता स्वतः त्याच्याशी बोलायचे, दीड टेस्लावर घ्यायचे, पाय गरम वाटला तर दाबायचा रबरी फुगा त्याच्या हातात द्यायचा, आणि अहवालाच्या तळाशी लिहायचे: उजव्या मांडीत स्टीलचा रॉड, या तारखेला एमआरआय झाला, त्रास नाही. पुढच्या दवाखान्यासाठी तो कागद चालेल.